संपतं काय, रोल की कॅमेरा?

नमस्कार मिलिंदजी,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचं म्हणणं असं: यूज-अँड-थ्रो रोल कॅमेऱ्याचं माझ्या लेखातलं कौतुक म्हणजे जुन्या दिवसांचा उमाळा, कॅमेरा, धुलाई, स्कॅन धरलं तर 27 फोटो फार महाग पडतात, वर रसायनं आहेतच. त्यापेक्षा डिस्पोजेबल डिजिटल बरा.

खर्चाचं मान्य. मी लेखात नुसती कॅमेऱ्याची किंमत धरली होती, ती चूक. रसायनांबद्दलही वाद नाही.

पण डिस्पोजेबल डिजिटलचं मला आजही पटत नाही. रोल कॅमेऱ्यात सत्ताविसावा फोटो काढला की खरंच काहीतरी संपतं, ते म्हणजे फिल्म. उरतं ते प्लास्टिकचं भिंग, एकच शटर स्पीड, फ्लॅश आणि एक सेल. डिजिटलमध्ये शेवटच्या फोटोनंतरही सेन्सर (फिल्मच्या जागी उजेड टिपणारी चिप) पहिल्याइतकाच धडधाकट असतो, मेमरी पुसली की कोरी. तो 'संपावा' म्हणून त्याला मुद्दाम कुलूप घालावं लागतं.

हे अमेरिकेत करून झालंय. 2003 मध्ये प्युअर डिजिटल कंपनीचा डकोटा डिजिटल आला: 25 फोटो, साधारण 11 डॉलर, मागे स्क्रीन नाही. फोटो हवे तर कॅमेरा दुकानात परत द्यायचा आणि प्रिंट व सीडी घेऊन यायचं. तोच कॅमेरा पुढच्या गिऱ्हाइकाला जायचा, म्हणजे तो फेकण्याचा नव्हताच. त्याच वर्षी हौशी मंडळींनी त्याला यूएसबी केबल जोडून फोटो घरीच उतरवले. कुलूपच होतं ते, उघडणारच. पुढे कंपनी फ्लिप नावाच्या व्हिडिओ कॅमेऱ्याकडे वळली.

आता माझ्या कौतुकाचं कारण. भाचीच्या साखरपुड्याला दादरच्या हॉलमध्ये आम्ही चार रोल कॅमेरे टेबलांवर ठेवले होते. नंतर फोर्टमधल्या एका लॅबमध्ये धुवायला टाकले. काउंटरवरच्या काकांनी स्क्रूड्रायव्हरने कवच फोडलं आणि माझ्या पोटात गोळा आला, उजेड लागून सगळं जाणार! त्यांनी शांतपणे आतली फिल्मची बंद डबी हातावर ठेवली. रोल पूर्ण आत. या कॅमेऱ्यात कारखान्यातच, अंधारात, रोल डबीबाहेर गुंडाळून ठेवतात. आपण चाक फिरवतो तशी एकेक फ्रेम डबीत परत जाते. काढलेला फोटो आधीच सुरक्षित असतो. मग काकांनी सेल काढून खणात टाकला, म्हणाले, "घड्याळाला चालतात अजून सहा महिने." (घरी मात्र उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असते, सणकून झटका बसतो.)

फोटो? मागच्या रांगा काळोखात गेल्या, कारण तो फ्लॅश जेमतेम तीन मीटर पोचतो. पण एका फ्रेममध्ये मावशी खिडकीपाशी बसली आहे, पांढरी साडी, अंगावर दुपारचं ऊन, आणि साडीची एकेक चुणी मोजता येते. निगेटिव्ह फिल्म जादा उजेड पोटात घेते. स्वस्तातला सेन्सर तिथे पांढरा डाग काढून मोकळा झाला असता.

मुंबईच्या दमटपणात निगेटिव्ह टिकत नाहीत असं तुम्ही लिहिलंत, तेही खरं. आईच्या जुन्या निगेटिव्हवर बुरशी चढलेली मी पाहिली आहे. आमच्या आता सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात असतात.

तुम्ही लिंक दिलेले बिनस्क्रीनचे छोटे डिजिटल कॅमेरे मात्र वेगळे. ते चार्ज होतात, फोटो उतरवून पुन्हा वापरता येतात, त्यांना डिस्पोजेबल कशाला म्हणायचं? ते जरूर घ्या. मुलांच्या हातात द्यायला तर मीही तेच सुचवेन. माझा विरोध आहे तो ठणठणीत सेन्सर आणि लिथियमची बॅटरी एका समारंभानंतर कचऱ्यात टाकायला लावणाऱ्या वस्तूला.

लेखातला खर्चाचा परिच्छेद आज बदलतो, धुलाई आणि स्कॅन धरून. दुरुस्ती तुमच्यामुळे झाली हेही तिथे लिहितो.