हप्ता वाढला म्हणून डायरेक्ट डेबिट रद्द करायचं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वीज-गॅसच्या डायरेक्ट डेबिटवरच्या (म्हणजे बँक खात्यातून कंपनी दर महिन्याला थेट कापते त्या हप्त्यावरच्या) लेखाखाली इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सहून तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा असा: जुलै 2025 मध्ये प्राइस कॅप (वीज-गॅसच्या दरांवरची कमाल मर्यादा) उतरला, तरी तुमच्या कंपनीने 20 ऑगस्टला ईमेल करून 1 सप्टेंबरपासून महिन्याचा हप्ता 128 वरून 184 पौंड केला. कंपनी म्हणते खात्यावर 350 पौंड थकबाकी आहे. ‘आधी डायरेक्ट डेबिट रद्द करू नका’ हा माझा सल्ला तुम्हाला कंपन्यांच्या सोयीचा वाटतो. शिवाय डायरेक्ट डेबिट गॅरंटीखाली बँक सगळे पैसे परत देते, हे मी दडवलं असंही तुमचं म्हणणं आहे. तिन्ही मुद्द्यांना उत्तर देतो. एका मुद्द्यावर तुमचंच बरोबर आहे, ते शेवटी येईल.

कॅपचं आधी. ऑफजेमचा, म्हणजे ब्रिटनच्या ऊर्जा नियामकाचा, प्राइस कॅप दरावर असतो, तुमच्या एकूण बिलावर नसतो. जुलै ते सप्टेंबर 2025 मध्ये बातम्यांत येणारा वर्षाला 1,720 पौंडांचा आकडा 2,700 युनिट वीज आणि 11,500 युनिट गॅस वापरणाऱ्या ‘सरासरी’ घराचा होता. (इथे युनिट म्हणजे किलोवॉट-तास.) तुम्ही जास्त वापरलंत तर जास्त भराल. कॅप दर तीन महिन्यांनी बदलतो. हप्ता मात्र कंपनी पुढच्या वर्षाचा अंदाज आणि मागची बाकी मिळून ठरवते. म्हणून दर खाली आणि हप्ता वर, हे एकाच महिन्यात घडू शकतं. उत्तर आयर्लंडला हा कॅप लागू नाही, तिथल्या वाचकांनी हा भाग सोडून द्यावा.

महाराष्ट्रातून आलेल्यांचा इथेच घोळ होतो. महावितरणचं बिल म्हणजे त्या महिन्याचा वापर, त्या महिन्याचे पैसे. इथला ठरावीक हप्ता वेगळा आहे. उन्हाळ्यात तुम्ही वापरापेक्षा जास्त भरता, खात्यावर क्रेडिट साठतं आणि ते हिवाळ्यात हीटिंगवर खर्च होतं. त्यामुळे ऑगस्टअखेर खातं क्रेडिटमध्ये हवं. ऑगस्टमध्ये 350 पौंड थकबाकी दिसणं हीच खरी तपासायची गोष्ट आहे. गेल्या हिवाळ्यात हप्ता फार कमी होता, किंवा रीडिंगचा अंदाज फार जास्त धरला गेला. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आता तुमचा 184 कुठून आला ते मांडून पाहू. तुमच्या बिलावर वार्षिक वापर 3,100 युनिट वीज आणि 12,000 युनिट गॅस असा छापला आहे. जुलै ते सप्टेंबर 2025 चे कॅपचे सरासरी दर घ्या: वीज 25.73 पेन्स युनिट आणि रोजचा स्टँडिंग चार्ज (वापर असो-नसो, द्यावा लागणारा स्थिर आकार) 51.37 पेन्स, गॅस 6.33 पेन्स युनिट आणि रोजचे 29.82 पेन्स. या दरांत 5 टक्के व्हॅट आलाच. विजेचे वर्षाचे 985 पौंड, गॅसचे 868, मिळून 1,853, म्हणजे महिन्याला साधारण 154.50. त्यात 350 पौंड थकबाकी बारा महिन्यांत फेडायची म्हणून 29 पौंड. बेरीज 184 च्या जवळ आली. तुमच्या भागातला दर थोडा इकडेतिकडे असेल, पण हिशेब हाच.

म्हणजे कंपनीचं गणित चुकलेलं नाही. गणितात घातलेले आकडे चुकले आहेत का, हा प्रश्न उरतो, आणि माझा सगळा भर तिथे आहे. गॅसच्या शेवटच्या रीडिंगपुढे ‘ई’ हे अक्षर छापलंय असं तुम्हीच लिहिलंत. ‘ई’ म्हणजे अंदाजे धरलेलं रीडिंग. ‘ए’ म्हणजे प्रत्यक्ष घेतलेलं, ‘सी’ म्हणजे ग्राहकाने दिलेलं. स्मार्ट मीटर असूनही ‘ई’ येतो. गॅसचं मीटर बॅटरीवर चालतं आणि आपलं रीडिंग विजेच्या मीटरला जोडलेल्या कम्युनिकेशन हबमार्फत (संदेश कंपनीकडे पाठवणाऱ्या डबीमार्फत) पाठवतं. दोन्हींत अंतर किंवा जाड भिंत असली की गॅसचा संदेश पोहोचत नाही, विजेचा मात्र जातो. पहिल्या पिढीची स्मार्ट मीटरं तर कंपनी बदलल्यावर बऱ्याचदा मुकीच होत असत. स्वयंपाकघरातल्या छोट्या स्क्रीनवर आकडे दिसतात म्हणून कंपनीकडे ते पोहोचतात असं समजू नका.

तेव्हा आज मीटरपाशी जा. गॅसच्या स्मार्ट मीटरवर बटण दाबलं की रीडिंग येतं. जुन्या मीटरवर दशांशचिन्हाच्या डावीकडचे किंवा काळ्या रंगातले आकडे घ्या, लाल आकडे सोडा. फोटोत रीडिंग आणि मीटरचा अनुक्रमांक दोन्ही यायला हवेत. तो अनुक्रमांक बिलावरच्या अनुक्रमांकाशी जुळवा. फ्लॅटच्या इमारतीत शेजाऱ्याच्या मीटरचं बिल तुम्ही भरताय, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण घडतं, आणि अनुक्रमांकाशिवाय ते कधीच उघड होत नाही.

समजा बिलावर अंदाजे रीडिंग 4,912 आहे आणि मीटर दाखवतंय 4,731. फरक 181 घनमीटर. घनमीटरला 1.02264 ने गुणा, त्याला बिलावरच्या कॅलरिफिक व्हॅल्यूने (गॅसमधली उष्णता, साधारण 39.5) गुणा आणि 3.6 ने भागा. एका घनमीटरचे सव्वाअकरा युनिट होतात, म्हणजे 181 चे सुमारे 2,030 युनिट, म्हणजे त्या काळातल्या दराने 130 ते 140 पौंड. थकबाकी 350 वरून 215 च्या आसपास आली. शिवाय वार्षिक अंदाजही 12,000 ऐवजी 10,000 धरावा लागेल. नवा हप्ता 162 च्या घरात. महिन्याचे 22 पौंड एका फोटोने वाचतात, ते डायरेक्ट डेबिट रद्द करून वाचत नाहीत.

मीटर घनफुटांत मोजणारं जुनं असेल तर बिलातल्या गणितात आणखी एक 2.83 येतो. मीटर घनमीटरचं आणि कंपनीच्या नोंदीत घनफुटांचं असेल तर गॅसचं बिल जवळजवळ तिप्पट होतं. मीटरवरची अक्षरं वाचा: ‘एम’वर छोटा 3 म्हणजे घनमीटर, ‘एफटी’ म्हणजे फूट.

अंदाज फुगण्याची आणखी दोन कारणं आपल्या लोकांत नेहमीची आहेत. भाड्याच्या घरात नव्याने राहायला गेलात तर सुरुवातीचा अंदाज आधीच्या भाडेकरूच्या वापरावरून येतो. ते पाच जण आणि तुम्ही दोघं असाल तर हप्ता चुकणारच. दुसरं, आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर सहा महिने येतात तेव्हा घर दिवसभर गरम ठेवावं लागतं, दुपारीही स्वयंपाक होतो. तो वापर खरा आहे, त्याचे पैसे द्यायचेच. पण कंपनी पुढचं वर्षही तसंच धरते. ‘घरात नोव्हेंबर ते एप्रिल दोन माणसं जास्त होती, पुढच्या वर्षी नसतील’ असं लेखी कळवलं की अंदाज बदलून घेता येतो.

रीडिंग दिल्यानंतर कंपनीला लिहा. फोन नको, फोन केलाच तर नंतर त्याचा सारांश ईमेलने पाठवा. ऑफजेम कंपन्यांना देतं त्या परवान्यातल्या 27व्या अटीनुसार ठरावीक हप्ता उपलब्ध असलेल्या सर्वांत चांगल्या आणि ताज्या माहितीवर आधारलेला हवा, आणि तो कसा काढला हे ग्राहकाला सोप्या भाषेत सांगायला हवं. या अटीवर बोट ठेवून चार गोष्टी मागा: धरलेला वार्षिक वापर, लावलेला दर, थकबाकी किती महिन्यांत वसूल करताहेत, आणि प्रत्यक्ष रीडिंगवरून काढलेलं नवं बिल. थकबाकी खरीच निघाली तर ती 12 ऐवजी 24 महिन्यांत फेडू द्या असं विचारा. 215 पौंडांचा बोजा महिन्याला 18 वरून 9 वर येतो. हप्ता परवडतच नसेल तर तसं स्पष्ट लिहा. ग्राहकाची भरण्याची ऐपत लक्षात घेणं कंपनीवर बंधनकारक आहे, पण न सांगता ती त्यांना कळणार नाही. थकबाकीतला काही भाग 12 महिन्यांपेक्षा जुन्या वापराचा असेल आणि त्याचं बिल कंपनीने वेळेत दिलं नसेल, तर तो भाग त्यांना मागताच येत नाही. तुम्ही मीटरपाशी येऊच दिलं नाही वगैरे प्रकार असतील तरच अपवाद.

ईमेलच्या विषयात ‘फॉर्मल कम्प्लेंट’ हे शब्द घाला आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. 8 आठवड्यांत सुटलं नाही, किंवा त्याआधी कंपनीने ‘डेडलॉक’ पत्र (आमच्याकडून आणखी तोडगा नाही असं कळवणारं) दिलं, तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे ऊर्जा तक्रारींच्या स्वतंत्र लवादाकडे, जाता येतं, फुकट. त्यांचा निर्णय तुम्ही मान्य केलात तर कंपनीला पाळावाच लागतो. डेडलॉक पत्र मिळालं असेल तर तिथून 12 महिन्यांची मुदत असते.

आता रद्द करण्याचं. तो तुमचा हक्क आहे, बँकेच्या ॲपमध्ये एका मिनिटात होतं. मी थांबा म्हणतो ते त्यानंतर काय होतं म्हणून. थकबाकी तशीच राहते. तुम्ही ‘बिल आल्यावर भरणारे’ ग्राहक ठरता आणि त्या गटाचा कॅप जास्त आहे: एप्रिल 2025 मध्ये सरासरी घरासाठी डायरेक्ट डेबिटचा आकडा 1,849 होता, बिलावर भरणाऱ्यांचा 1,969. वर्षाला 120 पौंड जास्त. बिल 28 दिवसांहून अधिक थकलं तर स्वस्त कंपनीकडे जाणंही अडवलं जाऊ शकतं, आणि चुकलेले हप्ते क्रेडिट फाइलवर (तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर) गेले तर दोन वर्षांनी मॉर्गेज घेताना त्याचा त्रास होतो. ठरावीक हप्त्याची पद्धतच नको असेल तर व्हेरिएबल डायरेक्ट डेबिट मागा. महिन्याला वापरलं तेवढंच कापतात, सवलतीचा दर टिकतो. त्यासाठी दर महिन्याला रीडिंग मात्र जायलाच हवं, आणि जानेवारीचा आकडा जुलैच्या तिप्पट-चौपट असेल, ती तयारी ठेवा.

राहिली गॅरंटी. ती चुकीच्या वसुलीसाठी आहे: कळवली त्यापेक्षा जास्त रक्कम, चुकीची तारीख, रद्द केल्यानंतरही कापलेले पैसे, किंवा वेळेत सूचना न देणं. अशा वेळी बँक ताबडतोब पूर्ण पैसे परत देते. ‘184 हा आकडा मला पटत नाही’ हे तिच्या कक्षेत येत नाही. हक्क नसताना परतावा घेतलात तर कंपनीने मागितल्यावर तो परत करावा लागतो, हेही गॅरंटीतच लिहिलेलं आहे.

पण गॅरंटीच्याच मुद्द्यात, सूचनेच्या मुदतीपुरतं, तुमचं म्हणणं टिकतं. बदल साधारणपणे कामकाजाचे 10 दिवस आधी कळवायचा असतो. 20 ऑगस्टला ईमेल आणि 1 सप्टेंबरला वसुली: मध्ये शनिवार-रविवार गेले, 25 ऑगस्टला बँक हॉलिडे, उरले 21, 22, 26, 27, 28 आणि 29 हे सहाच दिवस. आधी करारपत्रात वेगळी मुदत ठरली आहे का ते बघा, काही कंपन्या कमी दिवस लिहून घेतात. तशी नसेल, तर बँकेला फोन करून ‘अपुरी पूर्वसूचना’ हे कारण सांगून 1 सप्टेंबरची वसुली परत मागू शकता. परत आलेले 184 पौंड ऊर्जेच्या खात्यावर थकबाकी म्हणून पुन्हा दिसतील. म्हणून आधी रीडिंग द्या, सुधारलेलं बिल येऊ द्या, तोवर ते पैसे बाजूला ठेवा.

मूळ लेखात मी या मुदतीबद्दल नुसतं ‘10 दिवस’ लिहिलं होतं आणि गॅरंटी एका ओळीत उरकली होती. ‘कामकाजाचे 10 दिवस’ अशी दुरुस्ती केली आहे, आणि वरचे दोन परिच्छेद तिथे जोडले आहेत.