खूर, पिल्लू आणि मराठीचं भांडण

परवा सोमवारी लेकीला ताप होता, म्हणून मी रजा टाकली. दिवसभर घरात टीव्ही चालू. आम्ही वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला राहतो आणि लेकीला लागतं ते एस-फोर-सी, म्हणजे वेल्श भाषेचं चॅनल. सकाळी चिल्लीपिल्लींसाठी 'किऊ' असतं. किऊ म्हणजे कोंबडीचं पिल्लू. दुपारी गप्पा, स्वयंपाक, तब्येतीचे सल्ले. संध्याकाळी 'हेनो', म्हणजे 'आज रात्री': कुठल्या गावात काय चाललंय, कोण गातंय, कोण नव्वदीची झाली. मग बातम्या. हवामानाच्या नकाशावर कार्डिफचं कायर्डीद होतं आणि स्वॉन्झीचं अबेर्तावे. रात्री नऊला 'फेर्म्यो', अर्थात शेती. मला यातलं दहा टक्के कळतं, बाकी खालची इंग्रजी अक्षरं.

त्याच दिवशी फोनवर आमच्या भावंडांच्या ग्रुपमध्ये एका मराठी वृत्तवाहिनीवरच्या चर्चेची क्लिप आली. आठ चौकटी, आठ तोंडं, सगळी एकदम उघडी. विषय तोच: हिंदी. एप्रिल २०२५ मध्ये सरकारनं पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, आरडाओरडा झाला, २९ जूनला आदेश मागे घेतले, ५ जुलैला दोघे ठाकरे बंधू वरळीत एका व्यासपीठावर आले. भांडण मात्र मिटलं नाही. ग्रुपवर दादानं लिहिलं, 'तुम्हाला तिकडे बसून काय कळणार?' बरोबर आहे. पण तिकडे बसून जे दिसतं ते सांगते.

एस-फोर-सी कुणी प्रेमानं दिलेलं नाही. वेल्श चॅनल देऊ असं १९७९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षानं सांगितलं होतं. सत्तेत आल्यावर त्यांनी शब्द फिरवला. लोकांनी टीव्हीचं लायसन्स (टीव्ही बघण्यासाठी इथे दरवर्षी भरावी लागणारी फी) भरायला नकार दिला, काही जण तर प्रक्षेपण केंद्रात घुसून यंत्रं बंद करून आले. १९८० मध्ये ग्विन्फोर एव्हान्स यांनी जाहीर केलं की ऑक्टोबरपासून मी आमरण उपोषणाला बसतो. हे माजी खासदार, वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे पुढारी, आणि व्यवसाय काचघरात टोमॅटो पिकवण्याचा. उपोषणापूर्वीच, सप्टेंबरमध्ये, थॅचरबाईंचं सरकार नमलं. (तेलुगू राज्यासाठी १९५२ मध्ये उपोषण करून प्राण देणारे पोट्टी श्रीरामुलू आठवतात ना? त्यांच्या बाबतीत दिल्लीला जाग यायला उशीर झाला.) १ नोव्हेंबर १९८२ ला चॅनल सुरू झालं.

मी अडते ती इथे. हा माणूस जिवावर उदार झाला तो कशासाठी? दुकानाच्या पाटीसाठी नाही, समोरच्याला वेल्श बोलायला लावण्यासाठीही नाही. पोरांची गाणी, शेतीचे कार्यक्रम आणि संध्याकाळच्या मालिका आपल्या भाषेत दिसाव्यात, यासाठी. आमच्याकडे रिक्षावाल्यानं मराठी बोलावं म्हणून त्याच्या कानाखाली वाजवायला लोक तयार असतात. पण सकाळी दूध पिताना मूल मराठीत काय बघणार, यावर एकही मोर्चा माझ्या पाहण्यात नाही. माझा पाच वर्षांचा भाचा पुण्यात सदाशिव पेठेत राहतो आणि 'मुझे नहीं खाना' म्हणतो. हिंदी त्याला शाळेनं शिकवलेली नाही, कार्टूननं शिकवलीय.

आणि आपल्याकडे हे नव्हतं असंही नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हापासून किती वर्षं घरोघरी 'किलबिल', 'गजरा', 'आमची माती, आमची माणसं' पाहिलं जायचं. ज्यांच्या सात पिढ्यांत शेत नव्हतं तेही कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल ऐकत बसायचे, कारण दुसरं काही नव्हतंच.

आता दादा विचारेल, मग वेल्श टिकली का? नाही. २०११ च्या जनगणनेत ५ लाख ६२ हजार लोकांना ती येत होती, २०२१ मध्ये ५ लाख ३८ हजार. आणि घट जास्त करून मुलांमध्येच. चॅनलला वर्षाला जवळजवळ ९ कोटी पौंड मिळतात, तेही लायसन्स फीमधून, म्हणजे लंडनमधल्या ज्या माणसाला वेल्शचं एक अक्षर कळत नाही तोही ते भरतो आणि कुरकुरतो. चॅनलच्या कार्यालयातही सगळं आलबेल नाही: २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांना धाकदपटशा होत असल्याच्या तक्रारींची चौकशी होऊन मुख्याधिकाऱ्यांना काढावं लागलं. सक्ती इथेही आहे. वेल्श सोळाव्या वर्षापर्यंत सगळ्यांना शिकावीच लागते आणि लेकीच्या वर्गातली अर्धी पोरं त्या तासाला जांभया देतात. महाराष्ट्रातही २०२० पासून मराठी सगळ्या शाळांना सक्तीची आहे, तिथल्या जांभयाही याहून वेगळ्या नसणार.

तरीही साडेपाच लाखांच्या भाषेला सकाळपासून रात्रीपर्यंत एक अख्खा दिवस आहे. त्यात भाषेविषयीची भाषणं फार थोडी. बहुतेक वेळ ती भाषा दुसरंच काहीतरी करत असते: केक भाजते, रग्बीवर ओरडते, भाजीचे वाफे करते. आपण २०११ च्या मोजणीत ८ कोटींच्या वर होतो. आपली भाषा टीव्हीवर एक तर सासूशी भांडते नाहीतर प्रवक्त्याशी.

'फेर्म्यो'मध्ये त्या रात्री एक बाई मेंढीला उलटी बसवून तिचे खूर तासत होती. मध्येच 'ट्रॅक्टर' म्हणाली, अगदी आपल्यासारखं, आणि त्याबद्दल कुणी तिला शुद्धलेखन शिकवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीला बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टीव्हीसमोर धरून तोच भाग पुन्हा लावला. बाबांनी तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली. भाषा अर्थातच शून्य. दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "अगं, डावा मागचा खूर सडलाय, ती उजवाच काय तासत बसलीय?"

तेवढ्यात बाई डाव्याकडे वळली.

"हां," बाबा म्हणाले. "पुढच्या मंगळवारी परत लाव."