पैसे 16 चे, तार 4 ची

आज सकाळी परत तोच मेसेज. "आपकी शिकायत का निवारण कर दिया गया है." कोणी केलं निवारण?? घरात मी आणि सासूबाई, दारावर कोणी फिरकलं नाही, फोन नाही, बेल नाही, आणि तक्रार बंद! तिसऱ्यांदा!

महिन्यापूर्वी इंटरनेटचा 4 एमबीपीएसचा प्लॅन 16 चा करून घेतला. इंदूरला रामबागेत आमच्या गल्लीत फायबर अजून आलेलं नाही, त्यामुळे तीच लँडलाइनची जुनी तांब्याची तार. मी ऑनलाइन संस्कृत शिकवते, बारा मुलं, माझं पोट त्यावर आहे. फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅम, चौबीस घंटे में स्पीड बढ़ जाएगी." बिल त्याच दिवसापासून वाढलं, स्पीड तिथेच. काल रात्री मॉडेमचं पान उघडून पाहिलं तर डाउनलोड 4.1, अपलोड 0.6, अटेन्युएशन, म्हणजे सिग्नलची घट, 52 डेसिबल. म्हणजे एक्सचेंजपासून घरापर्यंत तीन-साडेतीन किलोमीटरच्या वर तार, आणि सिग्नल वाटेतच विरतो. तांब्याच्या तारेवरच्या या इंटरनेटचे, एडीएसएल टू प्लसचे, जास्तीत जास्त 24 एमबीपीएस एक्सचेंजला खेटून राहणाऱ्यांना मिळत असतील, आम्हाला या तारेवर 16 कधीच मिळणार नव्हते. आणि हाच आकडा कंपनीला तिकडे बसल्या जागी दिसतो हो! पैसे घ्यायच्या आधी दोन मिनिटं बघता आलं नसतं? अपलोड तर या कनेक्शनवर 16 च्या प्लॅनमध्येही 1 च्या आसपासच अडकतं, हे विकताना एका शब्दाने सांगितलं नाही. मी "रामः रामौ" म्हणते आणि तिकडे माझं तोंड उघडंच्या उघडं थिजलेलं, मुलं "मॅम, आवाज नहीं आ रही" करत बसतात.

लाइनमन आला नवव्या दिवशी. आल्या आल्या फोन कानाला लावला, "डायल टोन तो आ रही है मॅडम." अहो, मी डायल टोनची तक्रार केलीय का? मग म्हणे मॉडेम जुना आहे, नवा घ्या. घेतला, 1,800 रुपये घातले. 4.1 चे 4.1! दुसऱ्यांदा आला तेव्हा मीच त्याला कोपऱ्यावरच्या खांबापाशी नेलं. दोन तारा हाताने पिळलेल्या, टेप सुकून सुटलेली, वरून दुधाची पिशवी गुंडाळून सुतळी बांधलेली, आत तांबं हिरवं पडलेलं. पावसात फोन उचलला की पापड तळल्यासारखी खरखर येते ती इथूनच. म्हटलं भैया, हे काय? "ये तो पहले से ऐसा है." पहले से!! म्हणून तर बोलावलंय ना तुम्हाला! शिडी नाही म्हणाला आणि गेला. शहर 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं, रात्री रस्ते झाडून निघतात, आणि त्याच रस्त्यावर हे लोंबतंय.

गेल्या जूनमध्ये ड्रेनेजसाठी खणलं तेव्हा अकरा दिवस लाइन बंद होती, भाडं पूर्ण घेतलं, एक रुपया कमी केला नाही. तेही मी विसरलेले नाही.

कस्टमर केअरला वीस मिनिटं तीच धून ऐकल्यावर एक साहेब भेटले. म्हणाले, मॅडम, "अप टू 16" लिहिलंय, आणि सरकारी व्याख्येत तर 2 एमबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड, आपका तो 4 आ रहा है. माझे हात थरथरत होते हो रागाने. ती व्याख्या 2004 मध्ये 256 केबीपीएस होती, 2013 मध्ये 512 झाली, 2023 मध्ये 2 एमबीपीएस केली, ती कमीत कमी किती हवं म्हणून! मी पैसे 2 चे भरत नाही, 16 चे भरते. त्या "अप टू" या शब्दाचा मला आता इतका तिटकारा आलाय की दुकानाच्या पाटीवर दिसला तरी डोकं फिरतं.

जोड नीट करा, तार बदला, नाहीतर मला 4 वर परत न्या आणि महिन्याचे जास्तीचे पैसे परत द्या. आणि मी "झालं" म्हणेपर्यंत तक्रार बंद करायची नाही. चौथी आत्ताच टाकली आहे.