‘सुंदर’वर बंदी

कवितेच्या रसग्रहणाच्या वह्या तपासायला घेतल्या की कवी बदलतात, उत्तर बदलत नाही. ‘कवीने आपल्या भावना सुंदर शब्दांत मांडल्या आहेत. भाषा साधी, सोपी, ओघवती आहे.’ गाइडने शिवलेला हा एकच शर्ट. तुकोबांनाही बसतो, मर्ढेकरांनाही. दहावीला या प्रश्नाला ४ गुण. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे मथळे पट्टीने अधोरेखित होतात आणि प्रत्येकाखाली एकेक ‘सुंदर’ बसतो.

म्हणून माझ्या वर्गात ‘सुंदर’ बंद. दुसऱ्या दिवशी ‘अप्रतिम’ येतं. तेही बंद. मग ‘मनोहारी’. हा कुठून पैदा केला, देव जाणे.

फळ्यावर बहिणाबाई चौधरी:

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तव्हां मियते भाकर

आधी पेनं खाली, बोटं वर. चार चरण, प्रत्येकी ८ अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं हे बजावावं लागतं, नाहीतर ‘चुल्ह्यावर’पाशी हाणामारी. मग अलंकार. अर्धा वर्ग ‘अनुप्रास!’ ओरडतो, काहीच सुचलं नाही की अनुप्रास. ‘जसा’ समोर ढळढळीत बसलेला असतो. शेवटी उपमा सापडते आणि सगळे सुटल्यासारखी पेनांना टोपणं लावतात.

खरा छळ इथून पुढे. उपमा आहे, बरं मग? तवाच का, पाटावरवंटा का नाही? इथे मी ‘आधी’ या शब्दावर अडून बसतो. क्रम उलटा करून वाचायला लावतो: आधी भाकर, मग चटके. लगेच ती ओळ कुरकूर वाटायला लागते. हे कुणाला दिसलं की त्याने ते तसंच लिहायचं: कवितेतला शब्द अवतरणचिन्हांत, त्याने काय घडतं, आणि तो हलवला तर काय बिघडतं. तीन वाक्यं पुरतात.

तेवढ्यात एक हुशार हात वर होतो. ‘सर, मियते चुकलंय. मिळते पाहिजे.’ वहीत दुरुस्त करूनही झालेलं असतं, लाल पेनाने! गंमत म्हणजे अक्षरं तरीही ८च भरतात, त्यामुळे चोरी पकडली जात नाही. पण बहिणाबाई असोद्याच्या, जळगावजवळच्या. तिकडच्या लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. त्यांना लिहिता येत नव्हतं. गाणी तोंडात होती, घरच्यांनी कागदावर उतरवली. ‘मिळते’ केलं की ते तोंडच जातं.

यावर उपाय म्हणून गृहपाठ: घरातलं १ मिनिटाचं बोलणं मोबाइलवर घ्या आणि जसंच्या तसं उतरवा. अर्धा तास सहज जातो, कारण कान ऐकतो ते हात लिहीत नाही. आजी म्हणते, ‘अगं ते… दूध बघ गं, ते मांजर… मेलं आलं वाटतं.’ वहीत येतं, ‘मांजर आले आहे, दुधाकडे लक्ष दे.’ आजी थेट आकाशवाणीवर. ‘अगं’, ‘ते’, ‘मेलं’, मधले थांबे सगळे गाळलेले. लिहायचं होतं नेमकं त्यांच्याबद्दलच. दोनदा ‘ते’ का आलं? शब्द सापडेपर्यंत जागा धरायला. ‘मेलं’ ही शिवी की लाड? यावर वर्ग पंधरा मिनिटं भांडतो, आणि त्या भांडणात एकालाही ‘ओघवती’ आठवत नाही.

मग मी म्हणतो, आता हेच लिहा. माना खाली जातात. पहिल्या वहीत पहिलं वाक्य: ‘आजीने आपल्या भावना सुंदर शब्दांत मांडल्या आहेत.’