लोंबत्या कानांच्या सशांविषयी खुलासा

गेले काही दिवस गोव्यातील मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरत आहे: लोंबत्या कानांचे लॉप ससे जातीनेच शांत व निरोगी असतात आणि दाट, लांब लोकरीचा अंगोरा ससा आपल्या हवेत आरामात राहतो. ही दोन्ही विधाने दिशाभूल करणारी आहेत.

लॉप सशाचा कान बुडाशी दुमडलेला असल्यामुळे कानाची नळी अरुंद होते, मळ आत साचतो आणि संसर्गाचा धोका उभ्या कानांच्या सशांपेक्षा वाढतो. आमच्या डिचोलीच्या घरातील लॉप मादी चार दिवस निमूट कोपऱ्यात बसून होती, तेव्हा आम्हीही तिला शांत स्वभावाची समजलो. कान उचलून पाहिला, तर आत पांढरट, दह्यासारखा घट्ट पू होता. ससा आपले दुखणे लपवतो.

अंगोराबद्दलचा दावा तर त्या मुक्या जिवाच्या प्राणावर बेतणारा आहे. सशाला घाम गाळून अंग थंड करता येत नाही, तो उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि पारा ३० अंशांच्या आसपास गेला की दाट लोकरीखाली त्याला उष्माघात होऊ शकतो. मे महिन्यातील आपला दमटपणा त्यात भरच घालतो.

स्वभावात जातीचाही वाटा असतो, परंतु पिल्लाची लहानपणची हाताळणी, नसबंदी आणि हिंडायला मिळणारी जागा यांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पिल्लू घेताना जात विचारण्याआधी त्याचे कान उचलून पाहावेत, आणि वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे बसतात का, तेही तपासावे.