दहा मिनिटांत 300 कॅलरी? हिशेब बसत नाही

'दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन फक्त 10 मिनिटं चाला, 300 कॅलरी जळतात. वजन दुप्पट केलं की कॅलरीही दुप्पट. पुढचे दोन दिवस चरबी वितळतच राहते. पटत नसेल तर घड्याळात बघा.' हा मजकूर सध्या जो तो पुढे ढकलतोय. फार्मर्स वॉक, म्हणजे हातांत असं वजन घेऊन चालणं, मी स्वतः आवडीने करतो, म्हणून तर ही थाप जास्त खटकते.

आधी ते 300. म्हणजे मिनिटाला 30. शरीर एक लिटर ऑक्सिजन वापरतं तेव्हा साधारण 5 कॅलरी खर्च होतात (बोलताना आपण कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी). मग मिनिटाला 6 लिटर ऑक्सिजन हवा. 70 किलोच्या माणसाला हे किलोमागे 86 मिलिलिटर पडतं. तिथवर जगातले मोजके स्कीपटू आणि सायकलपटू पोचतात, तेही जीव तोडून.

'वजन दुप्पट, कॅलरी दुप्पट' हेही चूक, कारण ओझ्याबरोबर तुम्ही स्वतःचं शरीरही वाहत असता. ओझं घेऊन चालण्याचा खर्च काढायला 1977 चं पँडॉल्फ समीकरण वापरतात. त्यात 70 किलोचा माणूस, सपाट जमीन आणि सेकंदाला 1.2 मीटर वेग घालून पाहिलं. रिकाम्या हाताने मिनिटाला 3.7 कॅलरी, 20 किलो घेऊन 4.5, 40 किलो घेऊन 5.9. ओझं दुप्पट झालं, खर्च जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने वाढला. आणि यातली दीड कॅलरी तर नुसतं उभं राहिलं तरी जातेच.

हे समीकरण पाठीवरच्या ओझ्याचं आहे. हातातलं ओझं जास्त महाग पडतं, कबूल. सढळ हाताने दीडपट धरू. तरी मिनिटाला 9, दहा मिनिटांत 90. तेही न थांबता! प्रत्येक हातात 20 किलो असताना बहुतेकांचा दांडा मिनिट-दोन मिनिटांतच तळव्यातून बोटांच्या टोकांकडे सरकतो आणि डंबेल खाली ठेवावं लागतं.

राहिलं मनगटावरचं स्मार्ट घड्याळ. ते कॅलरी मोजत नाही, हृदयाच्या ठोक्यांवरून अंदाज बांधतं. मूठ घट्ट आवळून धरली की ठोके आणि रक्तदाब वाढतात, पण ऑक्सिजनचा वापर त्या प्रमाणात वाढत नाही. खुर्चीत बसून हँड ग्रिपर जोरात दाबून धरा आणि घड्याळाकडे बघा: ठोके चढतील, पाऊल एकही पडलेलं नसेल. शिवाय मनगटाचे स्नायू ताणले की खालचा सेन्सर ठोकेच चुकीचे वाचू शकतो.

आता ती दोन दिवस वितळणारी चरबी. व्यायामानंतर जास्तीचा ऑक्सिजन लागतो हे खरं. पण त्याचा खर्च व्यायामातल्या खर्चाच्या साधारण 15 टक्क्यांवर सहसा जात नाही. म्हणजे आपल्या सढळ 90 वर तेरा-चौदा कॅलरी. चरबीत मोजलं तर दीड ग्रॅम.