‘मुलं मुलांना काय शिकवणार?’ – त्या मेसेजला उत्तर

निकाल लागले की आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: कॉलेजातली ग्रुप स्टडी म्हणजे टाइमपास, मुलांनी मुलांना शिकवणं म्हणजे आंधळ्यानं आंधळ्याला वाट दाखवणं, गट लागतो तो ‘ढ’ पोरांना, हुशार पोरं एकटीच बसतात. (आणि हे सगळं ग्रुपवर!)

आधी आंधळ्याचं बघू. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या मिझुरी विद्यापीठात १९७३ पासून विद्यार्थ्यांनी चालवायचे अभ्यासगट आहेत. गट चालवणारा तोच विषय आधी चांगल्या मार्कांनी पास झालेला असतो, वर पुन्हा त्या तासांना बसतो. तो लेक्चर झोडत नाही, आलेला प्रश्न परत गटाकडे टोलवतो. हा आंधळा कसा? उलट पोरांचं घोडं नेमकं कुठं अडतं हे आम्हा मास्तरांनाच आठवत नाही. मी स्वतः शिकवतो, म्हणून कबूल करतो.

‘ढ’ पोरांचं उत्तरही तिथंच आहे. या गटांसाठी कच्ची मुलं निवडत नाहीत, अवघड विषय निवडतात. ज्या विषयात जास्त पोरं नापास होतात, त्याचा गट. यायचं त्यानं यावं.

आता हुशारांचं. अमेरिकेतल्याच बर्कले विद्यापीठात १९७०च्या दशकात युरी ट्राइसमन या गणितज्ञाला कोडं पडलं होतं: कॅलक्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मागं का पडतात? तो त्यांच्या आणि चिनी वंशाच्या मुलांच्या मागं मागं फिरला. कृष्णवर्णीय मुलं मान मोडून अभ्यास करत होती, पण एकटी. चिनी मुलं आधी एकटी बसत, मग एकत्र जमून उत्तरं पडताळत. एकाचंच उत्तर वेगळं आलं तर तो चुकला. सगळ्यांचीच वेगळी आली तर गणितच वाकडं. आणि ती एकमेकांचं इंग्रजीही तपासत.

हे शेवटचं वाचून मी थबकलो. आपल्याकडं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं पोर पीयूसी (म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सला एकदम इंग्रजीत पडतं. ऑफिसात, बसवर कन्नड. वर्गात हात वर करायची लाज. ‘ॲक्सिलरेशन’ फळ्यावर आलं की महिनाभर नुसतं उतरवून घेतं, आणि एक दिवस मागच्या बाकावरचा म्हणतो, “अरे, आपलं त्वरणच की रे ते!” डिग्रीला आल्यावरही हेच चालू असतं. ‘आपलं त्वरणच’ हे वाक्य मला तासाला सुचलं नव्हतं.

मेसेजात खरं आहे ते एवढंच, की एकानं गणित सोडवायचं आणि चौघांनी उतरवायचं असे गटही असतात. पण त्या चिनी मुलांचा क्रम बघा, आधी एकट्यानं, मग चौघांत. उतरवायची सोय तिथं राहतच नाही.

आमच्याकडं अडचण वेगळीच आहे. तास संपले की नंदगड, जांबोटीची पोरं बससाठी पळतात आणि वर्गांना कुलूप लागतं. दुपारी मधल्या सुट्टीनंतर एक खोली दीड तास उघडी मिळाली, तरी माझी पोरं बसतील. किल्ली मी सांभाळतो.